संगणकाविना फोटोंचा बॅकअप: कॉपी मध्येच का थांबते आणि काय तपासावे

दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडई या जत्रांपासून होळीच्या सुमारापर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम चालतो. या दिवसांत गावोगावी फिरून छायाचित्रे काढणाऱ्यांची एक तक्रार दर वर्षी ऐकू येते. कॅमेऱ्यातले कार्ड फोनला जोडून त्यातील फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवायला घेतले की काम मध्येच थांबते. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री पहाटेपर्यंत नाटक आणि दुसऱ्या दिवशी एसटीने पुढचे गाव असा क्रम असला की लॅपटॉप बरोबर वागवणे कठीण होते, म्हणून फोन, ओटीजी (फोनला यूएसबी उपकरणे जोडण्याचा लहान जोड) आणि एखादी डिस्क यांवरच सगळा भरवसा असतो. मेळघाटात उन्हाळी मुक्काम करणारे निसर्गअभ्यासक आणि मार्कंड्याच्या देवळांची शिल्पे टिपायला येणारे विद्यार्थी यांनाही हाच अनुभव येतो.

तक्रारीची रूपे निरनिराळी असतात. कधी ‘यूएसबी ड्राइव्ह अचानक काढला गेला’ अशा अर्थाचा संदेश येतो, कधी प्रगती दाखवणारी पट्टी एका जागी थिजते, तर कधी कोणताही संदेश न येता डिस्कवर निम्मेच फोटो सापडतात. अशा वेळी ‘दुसरा ओटीजी घेऊन बघा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो काही वेळा लागूही पडतो, परंतु खरे कारण दुसरेच असेल तर नवा ओटीजी आणूनही पुढच्या गावी तोच प्रकार घडतो.

म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी काम नेमके कोणत्या फाइलवर, किती वेळाने आणि कोणत्या परिस्थितीत थांबले हे वहीत लिहून ठेवावे, आणि तेच काम पुन्हा एकदा तसेच करून पाहावे. दुसऱ्या खेपेलाही ते त्याच फाइलवर अडले, तर दोष त्या फाइलमध्ये, कार्डामध्ये किंवा डिस्कच्या फॉरमॅटमध्ये आहे. वेगळ्या फाइलवर परंतु साधारण तेवढ्याच वेळाने अडले, तर फोनची बॅटरी बचत किंवा फोन तापणे हे कारण संभवते. प्रत्येक वेळी निराळ्या जागी आणि निराळ्या वेळी अडत असेल, तर वीजपुरवठा किंवा जोडणी यांकडे पाहावे. एवढ्या निरीक्षणाने शोधाचा अर्धा भाग पूर्ण होतो, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयात यापेक्षा उपयोगी सवय दुसरी नाही.

आधी कार्ड सुरक्षित करावे

दोष शोधण्याच्या भरात मूळ फोटोच जाऊ नयेत, यासाठी तीन पथ्ये पाळावीत. पहिले पथ्य असे की मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला जी लहानशी सरकपट्टी असते ती कार्ड कॅमेऱ्यातून काढताच ‘लॉक’ बाजूला सरकवावी. बहुतेक कार्ड रीडर ही खूण मानतात आणि मग त्या कार्डावर काही लिहिले किंवा पुसले जात नाही. मायक्रो एसडी कार्डाला ही सोय नसते, मात्र ते ज्या ॲडॅप्टरमध्ये बसवतात त्याला असते.

दुसरे, फाइल्स ॲपमध्ये नेहमी ‘कॉपी’ निवडावे, ‘मूव्ह’ कधीही निवडू नये. ‘मूव्ह’ करताना फोन फाइल दुसरीकडे लिहून मूळ जागेवरून पुसत जातो. काम मध्येच तुटले तर काही फोटो कार्डावर, काही डिस्कवर आणि तुटण्याच्या क्षणी हाताळली जात असलेली फाइल कदाचित कुठेच नाही, अशी अवस्था होते.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे आहे. कार्ड किंवा डिस्क ओळखता आली नाही तर अँड्रॉइड फोन ‘हे उपकरण सेट करा’ किंवा ‘फॉरमॅट करा’ असे सुचवतो. फोटो असलेल्या कार्डाच्या बाबतीत ही सूचना कधीही स्वीकारू नये. फोनला कार्ड वाचता येत नाही याचा अर्थ कार्ड खराब झाले असा होत नाही. ६४ जीबी आणि त्याहून मोठी एसडीएक्ससी कार्डे एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात, आणि काही जुन्या किंवा स्वस्त फोनना केवळ फॅट-३२ वाचता येते. तेच कार्ड दुसऱ्या फोनला जोडल्यास बहुधा व्यवस्थित उघडते.

वीज कमी पडते तेव्हा

प्रत्येक वेळी निराळ्या जागी काम तुटण्याचे सर्वांत मोठे कारण अपुरी वीज हे आहे. ओटीजीने जोडलेल्या उपकरणांना वीज फोनच पुरवतो, आणि ती मोजकी असते. यूएसबी २.० च्या मानकानुसार ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॅट, आणि यूएसबी ३.० नुसार ९०० मिलिअँपिअर, म्हणजे ४.५ वॅट. फिरत्या तबकडीची अडीच इंची हार्ड डिस्क सुरू होताना एक अँपिअरच्या आसपास वीज मागू शकते. ती मिळाली नाही की डिस्क टक-टक असा आवाज करते, दिवा विझतो, पुन्हा लागतो आणि फोन तिला विसरतो. एसएसडीला फिरणारा भाग नसल्याने तिची मागणी सौम्य असते, तरीही सलग लिहिताना ती वाढते, आणि त्याच हबवर (फोनच्या एका पोर्टला अनेक उपकरणे जोडणाऱ्या जोडावर) कार्ड रीडरही असेल तर दोघांची मागणी फोनच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकते. डिस्कचा दिवा मध्येच विझून पुन्हा लागत असेल, तर हे कारण जवळजवळ निश्चित समजावे.

यावर खरा उपाय म्हणजे बाहेरून वीज घेणारा टाइप-सी हब. त्यावर ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी) असे लिहिलेले एक छिद्र असते आणि तिथे चार्जर किंवा पॉवर बँक जोडता येते. आपल्या भागात मात्र हा उपाय वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हबला भिंतीवरच्या चार्जरची वीज दिली आणि गावातली लाइट गेली, तर बहुतेक हब त्या क्षणी स्वतःला नव्याने जुळवून घेतात आणि त्यावरची कार्डे व डिस्क निमिषभर तुटतात. कॉपी तिथेच संपते. लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते, आणि दुर्दैवाने डिस्कची फाइल-सूचीही बिघडू शकते. लाइट परत आल्यावर पुन्हा तोच झटका बसतो. त्यामुळे ग्रामीण भागात हबला थेट भिंतीवरून वीज देऊच नये. पॉवर बँक आधी पूर्ण भरून घ्यावी, भिंतीपासून सोडवावी आणि मगच तिच्यावर हब चालवावा. पॉवर बँक एकीकडे भरत असताना दुसरीकडे वापरणेही टाळावे, कारण लाइट जाता-येताना अनेक पॉवर बँकांचा पुरवठा क्षणभर खंडित होतो. २०,००० मिलिअँपिअर-अवरची साधारण पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-अवर ऊर्जा साठवते, आणि एका रात्रीचे फोटो उतरवायला ती पुरून उरते.

जोडण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पॉवर बँक हबला जोडावी, मग हब फोनला, त्यानंतर डिस्क आणि शेवटी कार्ड रीडर. काम पूर्ण होईपर्यंत यातील एकही वायर हलवू नये, कारण मध्येच पॉवर बँक जोडली किंवा काढली तरी हब तोच झटका देतो. पुष्कळदा फोनची बॅटरी उतरत आहे हे पाहून कॉपी चालू असतानाच पॉवर बँक जोडली जाते, आणि नंतर डिस्कला दोष दिला जातो.

असा हब जवळ नसेल आणि गावात मिळण्यासारखाही नसेल, तर काम दोन टप्प्यांत करावे. प्रथम फक्त कार्ड रीडर जोडून फोटो फोनच्या अंतर्गत साठ्यात उतरवावेत, नंतर रीडर काढून फक्त डिस्क जोडावी आणि फोनमधून तिच्यावर कॉपी करावी. एका वेळी एकच उपकरण असल्याने विजेची मागणी कमी होते. फोनमध्ये जागा कमी असेल तर दहा-बारा जीबीचे तुकडे करावेत. हा मार्ग कंटाळवाणा असला तरी विश्वासार्ह आहे, शिवाय निवडक फोटो काही काळ फोनमध्येही राहतात. मात्र फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क एकटी असतानाही फोनला झेपत नसेल, तर या मार्गाचा उपयोग नाही. प्रवासासाठी डिस्क घ्यायचीच असेल तर एसएसडी घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. एसटीच्या हादऱ्यांतही तिला फिरत्या तबकडीसारखी भीती नसते.

रीडरच बिघडला असेल तर कॅमेरा थेट केबलने फोनला जोडून पाहावा. अनेक कॅमेरे अशा वेळी फोनला साठवणुकीच्या उपकरणासारखे दिसतात आणि फोटो उतरवता येतात. कॅमेऱ्याची बॅटरी तेवढी पूर्ण भरलेली असावी.

ठरावीक वेळाने थांबणे

या प्रकारात दोष बहुधा फोनच्या सेटिंगमध्ये असतो. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी पडद्यामागे चालणारी कामे बंद करतात. स्क्रीन विझली किंवा दुसरे ॲप उघडले की फाइल्स ॲपही त्या तडाख्यात सापडू शकते. म्हणून कॉपी सुरू करण्यापूर्वी बॅटरी सेव्हर बंद करावा, सेटिंगमधील बॅटरीच्या विभागात जाऊन फाइल्स ॲपवरचे निर्बंध काढावेत, स्क्रीन विझण्याची मुदत शक्य तितकी लांबवावी आणि काम संपेपर्यंत ॲप समोरच उघडे ठेवावे. स्क्रीनचा उजेड कमी केला तर बॅटरी फारशी खर्च होत नाही.

ओप्पो, रिअलमी आणि वनप्लस यांच्या अनेक फोनमध्ये ओटीजी हा पर्याय सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावा लागतो, आणि काही वेळ, सहसा १० मिनिटे, वापर नसेल तर तो आपोआप बंद होतो. पहिले कार्ड उतरवून झाले, मध्ये थोडा वेळ गेला आणि दुसरे कार्ड मात्र फोनला दिसेना, अशी तक्रार असेल तर प्रथम हेच पाहावे.

काम मुळात किती वेळ चालणार याचाही अंदाज हवा. अनेक फोनचे टाइप-सी पोर्ट आकाराने नवे असले तरी आतून यूएसबी २.० चेच असतात. साध्या आयफोन १५ चेही तसेच आहे. या पोर्टचा कागदावरील वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी असतो, आणि प्रत्यक्षात ३० ते ३५ एमबी मिळाले तरी पुष्कळ झाले. त्यातही कार्ड आणि डिस्क एकाच हबवर असतील तर प्रत्येक फोटो त्याच वायरीने आत येतो आणि त्याच वायरीने बाहेर जातो, त्यामुळे वेग निम्मा होतो. या हिशेबाने ६४ जीबीचे भरलेले कार्ड उतरवायला तासभर लागणे स्वाभाविक आहे. पट्टी हळू सरकते म्हणून काम अडले असे समजून वायर उपसणे, हेच कित्येकदा अर्धवट फाइलींचे कारण असते.

उन्हाळ्यात यात उष्णतेची भर पडते. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही, आणि आयफोनसाठी वापराचे तापमान ३५ अंशांपर्यंतच सांगितलेले असते. बाहेरच्या अनेक हार्ड डिस्कचीही मर्यादा तितकीच असते. फोन तापला की आधी चार्जिंग थांबवतो, मग वेग कमी करतो आणि शेवटी काम सोडून देतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीच्या प्राणिगणनेच्या मचाणावरून उतरून दुपारी टिनाच्या छताखाली फोटो उतरवायला बसणे म्हणजे हे सगळे ओढवून घेणे आहे. पहाटे किंवा रात्री उशिरा हे काम करावे, फोनचे कव्हर काढावे आणि फोन, हब व डिस्क एकमेकांवर न ठेवता फरशीवर सुट्टे मांडावेत. पंख्याचा वारा चांगला. कूलरच्या अगदी समोर मात्र ठेवू नये, कारण वाळ्याच्या ताट्यांतून येणाऱ्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषारही येतात. फोन गार करण्यासाठी माठाला टेकवणे किंवा ओल्या फडक्यात गुंडाळणेही धोक्याचेच आहे.

त्याच फाइलवर थांबणे

नाटकाचे चित्रीकरण करणाऱ्यांना हा अनुभव विशेष येतो. फोटो सगळे उतरतात, परंतु एखाद्या प्रवेशाचा लांब व्हिडिओ आला की कॉपी नाकारली जाते. पेन ड्राइव्हवर जागा भरपूर शिल्लक असते, त्यामुळे गोंधळ वाढतो. याचे कारण फॅट-३२ या फॉरमॅटमध्ये एका फाइलचा आकार ४ जीबीपेक्षा मोठा असू शकत नाही. कॅमेऱ्यातले कार्ड एक्सफॅटचे असल्याने त्यावर मोठी फाइल बिनदिक्कत तयार होते, आणि फॅट-३२ चा पेन ड्राइव्ह मात्र ती घेत नाही. पेन ड्राइव्ह रिकामा असेल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्यावा, म्हणजे प्रश्न सुटतो. हे काम निघण्यापूर्वी घरी किंवा तालुक्याच्या ठिकाणी संगणकावर करून घेतलेले बरे.

उलट बाजूने, संगणकावर वापरलेली हार्ड डिस्क पुष्कळदा एनटीएफएस पद्धतीची असते. बऱ्याच अँड्रॉइड फोनना ती दिसतच नाही, आणि आयफोनला ती वाचता आली तरी तिच्यावर लिहिता येत नाही. मोठ्या फाइलींसाठी बहुतेक फोन, कॅमेरे आणि संगणक या तिघांनाही चालणारा फॉरमॅट एक्सफॅट हाच आहे. आयफोनमध्ये बाहेरच्या डिस्कवर कॉपी करण्याची सोय २०१९ मधील आयओएस १३ पासून फाइल्स ॲपमध्ये आली. कार्ड जोडल्यावर फोटोज ॲपमधील ‘इम्पोर्ट’ निवडले तर फोटो फोनमध्ये जातात, डिस्कवर जात नाहीत, म्हणून कार्डावरून डिस्कवर न्यायचे असेल तर फाइल्स ॲपच वापरावे. आयफोन १४ आणि त्याआधीच्या लाइटनिंगच्या फोनना वीज घेण्याचे छिद्र असलेला कॅमेरा ॲडॅप्टर लागतो.

अडणारी फाइल लहानच असेल आणि बाकी सर्व ठीक असेल, तर कार्डाचा तेवढा भाग वाचता येत नाही असे समजावे. ती फाइल वगळून आधी बाकीचे सर्व उतरवून घ्यावे, आणि त्या कार्डावर नवे फोटो काढणे थांबवावे.

जोडणी सैल असणे

शंकरपटाच्या मैदानावरची धूळ आणि खिशातला कापसाचा लोळ फोनच्या पोर्टमध्ये बसला की प्लग पूर्ण आत जात नाही आणि जरा धक्का लागताच संपर्क तुटतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती अलगद काढावी, लोखंडी टाचणी वापरू नये. केबलही पाहावी, कारण काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात आणि त्यांतून फाइली जातच नाहीत.

कॉपी पूर्ण झाली, तरी फोटो कमी

ही तक्रार वरच्या सर्व तक्रारींपेक्षा गंभीर आहे, कारण ती उशिरा कळते. कार्ड पुसून झालेले असते आणि घरी गेल्यावर लक्षात येते.

कॅमेरे फोटोंना ठरावीक नावे देतात. कॅननमध्ये ‘आयएमजी’ आणि निकॉनमध्ये ‘डीएससी’ या अक्षरांपुढे चार आकडी क्रमांक असतो. क्रमांक ९९९९ ला पोहोचला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो, आणि क्रमांक दर वेळी नव्याने सुरू करण्याचे सेटिंग असेल तर प्रत्येक रिकाम्या कार्डावरचा पहिला फोटो ०००१ च असतो. अशी दोन कार्डे डिस्कवरच्या एकाच फोल्डरमध्ये उतरवली तर नावे सारखी निघतात. फोन विचारतो की जुनी फाइल बदलू का, वगळू का. रात्री दोन वाजता झोपेच्या डोळ्यांनी ‘सर्वांसाठी बदला’ यावर बोट पडले की पहिल्या गावचे फोटो गेले, आणि ‘वगळा’ निवडले तर दुसऱ्या गावचे उतरलेच नाहीत. म्हणून प्रत्येक कार्डासाठी स्वतंत्र फोल्डर करावा आणि त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, त्यापुढे गाव आणि कार्डाचा क्रमांक लिहावा. या क्रमाने लिहिले की फोल्डर आपोआप तारखेप्रमाणे लागतात. कार्डांवरही पातळ मार्करने क्रमांक घालावेत. कॅमेऱ्यात क्रमांक सलग ठेवण्याचे सेटिंग असतेच, ते निवडावे. कार्डावरचा ‘डीसीआयएम’ फोल्डर उघडून त्यात एकापेक्षा अधिक उपफोल्डर आहेत का हेही पाहावे, कारण कॅमेरा मध्येच नवा उपफोल्डर उघडतो आणि फक्त पहिलाच उतरवला गेला तर उरलेले मागे राहतात. शक्यतो संपूर्ण ‘डीसीआयएम’ फोल्डरच उचलून कॉपी करावा.

पडताळणीची रीत अशी आहे. कार्डावरील फोल्डर आणि डिस्कवरील फोल्डर या दोन्हींची माहिती फाइल्स ॲपमध्ये उघडून फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत, एकच जुळून चालत नाही. त्यानंतर डिस्क ‘इजेक्ट’ करून काढावी आणि पुन्हा जोडावी. फोन काही मजकूर स्वतःच्या स्मृतीत धरून ठेवतो, म्हणून डिस्क न काढता केलेली तपासणी पुरेशी नसते. पुन्हा जोडल्यावर पहिला, शेवटचा आणि मधले काही फोटो पूर्ण मोठे करून पाहावेत, आणि सर्वांत मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून पाहावा. रॉ फोटोंच्या (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइलींच्या) बाबतीत विशेष काळजी घ्यावी, कारण फोन दाखवतो ते चित्र रॉ फाइलच्या आत दडलेली लहान जेपीईजी प्रत असते. ती स्वच्छ दिसली तरी उरलेली फाइल अर्धवट असू शकते. लाइटरूमसारख्या, रॉ उघडणाऱ्या ॲपमध्ये दोन-चार फाइली उघडल्या की शंका राहत नाही. ज्यांना आणखी खात्री हवी त्यांनी एमडी-५ किंवा एसएचए-२५६ हा फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-संकेत दाखवणारा फाइल मॅनेजर वापरावा. दोन्हीकडचा संकेत अक्षरशः सारखा आला तर प्रत तंतोतंत आहे.

तपासणी नीट झाली तरी कार्ड लगेच पुसू नये. कार्ड हीच एक प्रत आणि डिस्क ही दुसरी. कार्ड पुसले की पुन्हा एकच प्रत उरते आणि सगळा खटाटोप वाया जातो. मोठ्या डिस्कवर खर्च करण्याऐवजी दोन-तीन कार्डे जास्त घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दुसरे कार्ड ‘बॅकअप’वर ठेवावे, म्हणजे प्रत्येक फोटो काढतानाच दोन ठिकाणी लिहिला जातो. कार्डे अंगावरच्या खिशात आणि डिस्क पिशवीत, किंवा डिस्क बरोबरच्या माणसाकडे द्यावी. दोन्ही एकाच बॅगेत घालून ती एसटीच्या मागच्या बाकाखाली सरकवली, तर दोन प्रती असूनही एकच असल्यासारखे होते.

बाजारातली स्वस्त कार्डे आणि पेन ड्राइव्ह

आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन अत्यंत कमी किमतीत मिळणारा दोन टीबीचा पेन ड्राइव्ह जवळजवळ नेहमीच बनावट असतो. आतली चिप काही जीबींचीच असते आणि ती फोनला मोठा आकडा सांगते. खरी जागा संपल्यावर पुढचे फोटो लिहिल्यासारखे दिसतात, परंतु उघडत नाहीत किंवा राखाडी दिसतात. सुरुवातीचे फोटो चांगले आणि ठरावीक मर्यादेनंतरचे सर्व खराब, ही याची खूण आहे. नवी वस्तू प्रवासाला नेण्यापूर्वी घरी काठोकाठ भरून, शेवटी लिहिलेल्या फाइली उघडून पाहाव्यात.

नेटवरचा बॅकअप

ज्या गावात फोनला रेंज मिळवायला पाण्याच्या टाकीवर चढावे लागते, तिथे संपूर्ण कार्ड नेटवर चढवण्याची अपेक्षा धरू नये. फाइली वर जाण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट मिळाला तरी ६४ जीबीला सुमारे ७१ तास लागतील, शिवाय रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ते बसतही नाही. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली असून आता जीमेल आणि ड्राइव्हसह मिळून १५ जीबीच मिळतात. रोजचे निवडक पंधरा-वीस फोटो जेपीईजी रूपात चढवणे एवढाच याचा व्यवहार्य उपयोग आहे, आणि तो जरूर करावा. मात्र एकदा चढलेला फोटो जागा करण्यासाठी त्याच ॲपमधील ‘डिलीट’ने पुसला तर तो फोनमधून आणि नेटवरून असा दोन्हीकडून जातो. व्हॉट्सॲपवर घरी पाठवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत. साधे पाठवलेले फोटो लहान होऊन पोहोचतात.

दुकानातील संगणक

तालुक्याच्या गावी झेरॉक्सचे दुकान, सेवा केंद्र किंवा फोटो स्टुडिओ असतोच, आणि अडचणीच्या वेळी तिथला संगणक वापरण्यात काही गैर नाही. मात्र अशा संगणकांत दिवसभरात अनेकांचे पेन ड्राइव्ह येऊन जातात, आणि फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारा व्हायरस तिथे सर्रास आढळतो. कार्डाची सरकपट्टी लॉकवर असेल तर कार्ड सहसा सुरक्षित राहते, डिस्कला मात्र असे संरक्षण नसते. दुकानदाराला ‘दादा, कट नका करू, कॉपीच करा’ असे आधीच नम्रपणे सांगावे आणि काम संपेपर्यंत शेजारी थांबावे. डिस्क परत घेतल्यावर फोल्डर दिसत नसतील तर घाबरून फॉरमॅट करू नये. अशा व्हायरसमध्ये फाइली बहुधा जागेवरच असतात आणि फक्त लपलेल्या असतात. फोनच्या फाइल्स ॲपमध्ये ‘लपलेल्या फाइल दाखवा’ हा पर्याय असेल तर त्या बहुतेक वेळा दिसतात.

कार्डच एकाही फोनला किंवा कॅमेऱ्याला वाचता येईनासे झाले, किंवा चुकून फॉरमॅट झाले, तरी फोटो लगेच नष्ट झालेले नसतात. पुसताना किंवा कॅमेऱ्यातील नेहमीच्या फॉरमॅटमध्ये सहसा फक्त सूची कोरी होते, फोटोंचा मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. म्हणून त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये. ते लॉक करावे, कागदाच्या पुडीत गुंडाळून त्यावर तारीख आणि गाव लिहावे आणि बाकी कार्डांपासून वेगळे ठेवावे. घरी परतल्यावर संगणकावर फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने ते वाचून पाहावे, आणि सापडलेले फोटो त्याच कार्डावर न लिहिता दुसऱ्या डिस्कवर उतरवावेत.